नाथाजीनं ठेवलेला टाक

बसा, पण नीट ऐकून घ्या. मधेच कुणी उठायचं नाही, आणि ‘खरंच का हो?’ असंही कुणी विचारायचं नाही. आरवाडीचा कृष्णात माझ्या पंगतीला बसून जेवलेला माणूस आहे. त्यानं जे सांगितलं तेच मी सांगतो, पदरचं काही घालत नाही. ओढ्यापलीकडं लालासाहेबांच्या मळ्यात एक पत्र्याचं छप्पर आहे. दिवेलागण झाली की तुम्ही पोरं त्याच्यापुढून पाय उचलून चालता, मला दिसत नाही असं समजू नका. या गोष्टीतली गाडी त्याच छपरात आहे.

सेहेचाळीस साल. लढाई संपून वर्ष झालं होतं आणि कृष्णात पलटणीतून सुटून घरी आला होता. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर चार वर्षं त्यानं लष्कराचे ट्रक दुरुस्त केले होते. चिखलात, पावसात, बत्ती न लावता. भाद्रपदातल्या एका सकाळी तो लालासाहेबांच्या मळ्यातल्या घरी गेला. काम साधं होतं, बैलजोडी मागायची होती.

त्याची बायको अंबूबाई हिला आठवा महिना लागला होता. आधीची दोन बाळंतपणं घरात झाली होती आणि दोन्ही पोरं उजाडलेलं बघायच्या आत गेली होती. गावच्या सुईणीनं हात जोडून सांगितलं होतं, ‘ह्या खेपंला मी न्हाई बाबा. हिला मिरजंला न्ह्या. न्हाईतर पोर बी जाईल आन् ही बी जाईल.’ मिरजेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून दिवाळीची तारीख दिली होती. आरवाडी ते मिरज सात कोस. लालासाहेबांची खिलार जोडी पळणारी होती, म्हणून ऐनवेळी तीच हाताशी असावी एवढंच कृष्णातच्या मनात होतं.

लालासाहेब ओसरीवर गुडघ्याला तेल चोळून घेत बसले होते. वय साठीच्या पुढं, गुडघे गेलेले, घोड्यावर बसणं सुटलेलं. कृष्णातचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बैलं कशाला रं? गाडीच चालू कर की. तुजा बाप माझा डायवर हुता. त्याच्या पोराच्या हातनं चालू झाली तर बरंच हाय. मला दसऱ्याच्या शिलंगणाला गाडीतनं जाऊ दे, मग तुझ्या बायकूला त्याच गाडीतनं मिरजंला धाडतो. शबूद दिला.”

कृष्णात तर हरखून गेला. बैलांना सात कोस म्हणजे अख्खी रात्र. गाडीला फार तर अडीच तास. दोन पोरं पुरलेल्या माणसाला या फरकाची किंमत कुणी समजावून सांगावी लागत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं छपराचं कुलूप दगडानं फोडलं, कारण किल्ली कुणालाच सापडेना. आत बारा वर्षांचा अंधार होता. ताडपत्री ओढली तर ती हातातच फाटत आली. खाली ती हिरवी विलायती गाडी, धुळीनं राखाडी झालेली. मागच्या गादीत उंदरांनी पिढ्या वाढवल्या होत्या. उजव्या चाकाखाली वाळवीनं वारूळ उठवलं होतं आणि चाकाचे लाकडी आरे खाऊन पोकळ केले होते. दुसरा कुणी असता तर तिथूनच माघारी फिरला असता. कृष्णातनं सदरा काढून खुंटीला लावला.

महिनाभर त्याला दुसरं काही सुचलं नाही. आरे त्यानं गावच्या सुताराकडून बाभळीच्या लाकडाचे घडवून घेतले, बैलगाडीला घडवतात तसेच. क्लचचं चामडं कुजलं होतं, तर चांभाराकडून मोटेचं कातडं घेतलं, एरंडेलात चार दिवस भिजवून मऊ केलं आणि तिथं बसवलं. पेट्रोलच्या टाकीत खडी आणि साखळी घालून ती इतकी हलवली की दंड भरून आले. टायर मिरजेच्या बाजारातून, लष्करी भंगारातले. पेट्रोल अजून कुपनावरच मिळत होतं, पण लालासाहेबांच्या ओळखीनं दोन डबे आले. येणारी-जाणारी माणसं चेष्टा करायची, ‘कृष्णाता, गाडीला आता शिंगं तेवढी लाव, म्हंजी बैलगाडीच झाली.’ कृष्णात हसायचा आणि काम करत राहायचा. रात्री घरी गेला की अंबूबाई त्याच्या काळ्या हातांकडं बघून म्हणायची, “आवं, बाळाला तरी धुतलेल्या हातानं घ्याल न्हवं?”

नवरात्र बसलं. तिसऱ्या माळेला धुळा आला.

धुळा हा माणदेशातला धनगर. त्या साली दहिवडीकडं पावसानं तोंड फिरवलं होतं, म्हणून मेंढरं लवकरच खाली उतरली होती. हातातल्या टकळीवर लोकर काततच तो छपराच्या दारात आला. गाडी बघितली आणि टकळी थांबली. तो चवड्यावर खाली बसला.

“तू नाथाजीचा ल्योक न्हवं?”

“व्हय, धुळामामा.”

“तुजा बाप देवमानूस हुता बाबा.”

मग त्यानं सांगितलं. बारा वर्षांमागं त्याचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, लालासाहेबांच्याच रानात बसला होता. बायको हरणाबाई पहिलटकरीण. रात्री अडली. पोर आडवं आलं. चार माणसांनी तिला घोंगड्यात घालून इथं आणलं, याच दारात, आणि लालासाहेबांच्या पाया पडून गाडी मागितली. लालासाहेब म्हणाले, गाडी बिघडलीय. हरणाबाईनं मान वर करून एकदाच विचारलं होतं, ‘बिघडलीया व्हय?’

“तुज्या बापानं आमच्यादेखत हँडल मारलं,” धुळा म्हणाला. “किती मारलं! हाताची सालटी निघाली, रगात आलं, पर हँडल सोडंना. आमालाच दया आली. मग तिला बैलगाडीत घातलं. मिरजंच्या वाटंला वढ्यावर ती पांढरी मोरी हाय न्हवं, बुटका पूल, तितं गेली ती. पोटातल्या पोरासकट.” टकळी पुन्हा फिरू लागली. “पोराच्या गळ्यात बांधायला तिनं दोरा वळून ठिवला हुता. दोन पदर काळं, एक पांढरा. डावा पीळ. तिला उलट्याच हातानं वळायची खोड. त्यो दोरा मुठीतनं सुटंना, म्हनून तसाच मातीत दिला. दोष कुनाचा न्हाई बाबा. यंत्र हाय, बिघडतंया.”

त्या दिवशी कृष्णातची छाती भरून आली. त्याचा बाप तो पलटणीत जाण्याआधीच खंगून गेला होता, आणि बापाबद्दल चांगलं बोलणारं माणूस त्याला कितीतरी दिवसांनी भेटलं होतं. घरी जाऊन त्यानं आईला, बनुबाईला, सगळं सांगितलं. बनुबाई घटापुढं माळ बांधत होती. ती माळ बांधतच राहिली. म्हातारं माणूस आहे, ऐकू आलं नसेल, असं त्याला वाटलं.

सातव्या माळेला गाडी तयार झाली. पेट्रोल घातलं, हँडल मारलं. नुसतीच घरघर. पुन्हा मारलं. तार काढून लोखंडाजवळ धरली आणि फिरवून बघितलं, तर ठिणगी नाही. म्हणजे मॅग्नेटो. ठिणगी पाडणारं यंत्र ते. बाहेरून लखलखीत होतं, म्हणून त्यानं ते शेवटाला ठेवलं होतं. टोपण काढलं, आतला स्क्रू सोडवला. स्क्रूच्या मागं काहीच नव्हतं. जिथं पितळेची चकती असते, रुपयापेक्षा थोडी मोठी, मधे भोक आणि अंगावर एक छोटा उठावदार हात, ती जागा रिकामी होती.

आता हे नीट लक्षात घ्या. वस्तू बिघडली तर तुटते, झिजते, जळते. ती नाहीशी होऊन मागं स्क्रू नीट पिळून बसवलेला राहत नाही. ही चकती कुणीतरी काढली होती, सावकाश, जाणत्या हातानं. या गाडीवर जाणता हात एकाचाच होता, त्याच्या बापाचा. आणि चकती काढल्यावर त्याच माणसानं, मालकाचं ‘बिघडलीय’ खरं दिसावं म्हणून, लोकांदेखत हात सोलेपर्यंत हँडल मारलं होतं.

त्याहून वाईट म्हणजे ती चकती त्यानं बघितली होती. याच पंधरवड्यात.

आपल्यात घट बसायच्या आधी देव्हाऱ्यातले टाक, म्हणजे देव उठवलेले धातूचे पत्रे, चिंच लावून घासतात. बनुबाई अमावास्येला टाक घासत बसली होती तेव्हा कृष्णात शेजारी भाकरी खात होता. खंडोबाचा टाक, जोतिबाचा, आईसाहेबांचा, वाडवडलांचे दोन. आणि एक गोल, मधे भोक असलेला. लहानपणापासून तो टाक तिथं होता. कुणाचा, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. देव्हाऱ्यातल्या देवाला नाव-गाव कोण विचारतं?

तो घरी आला तेव्हा दिवस मावळत होता. घट बसलेले, परडीतलं धान वीतभर वर आलेलं, नंदादीप तेवत होता. धानाच्या कडेला टाक मांडले होते. सहावा हळदी-कुंकवानं इतका भरला होता की त्याचं पितळ दिसत नव्हतं.

“आये, ह्यो टाक कुनाचा?”

वात वळता वळता बनुबाईनं हात थांबवला. मग सांगितलं, भिंतीकडं बघत. “उद्यासारखीच आठवी माळ हुती. तुजा बा मध्यानरातीला आला. हाताची सालटी निघाल्याली. द्येव घटी बसल्यालं, तरी त्यानं मधी हात घातला आन् ह्ये ठिवलं. मी बोंबलले. त्यो म्हनला, ‘बने, ह्ये घरातनं भाईर जाऊ द्यायचं न्हाई. ह्येच्यापुढं रोज दिवा लाव.’ मला वाटलं, देवच घावला आसंल कुठंतरी. मी पुजत आले. त्यानं त्या दिसापास्नं गाडीला हात लावला न्हाई.”

कृष्णातनं तिला सांगितलं ते काय आहे. सांगायला नको होतं असं तो मला तीनदा म्हणाला. बनुबाई खाली बसली. बारा वर्षं, रोज सकाळी, अंघोळ करून, ओलेत्यानं, तिनं त्या चकतीला हळद वाहिली होती.

“म्हंजी मी त्या बाईच्या मरनाला कुक्कू लावलं,” ती म्हणाली.

कृष्णातनं चकती मागितली. तिनं मान हलवली. घटी बसलेले देव दसऱ्याआधी हलवायचे नसतात. हलवले तर घराचं माणूस जातं, असं तिच्या सासूनं तिला सांगितलं होतं. दसरा तीन दिवसांवर आणि अंबूबाईची तारीख तीन आठवड्यांवर. कृष्णातनं ताणून धरलं नाही. लालासाहेबांचं शिलंगण पुढच्या साली होईल, आपलं काम तर दिवाळीचं. असा त्यानं हिशेब केला.

हिशेब चुकला.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे अष्टमीला, रात्री नवाच्या सुमाराला अंबूबाई चुलीपुढून उठली ती कमरेला हात लावूनच. तीन आठवडे आधी. दहा वाजेतो कळा मिनिटामिनिटाला यायला लागल्या. तिचे ओठ पांढरे पडले. आधीच्या दोन्ही वेळेला असंच झालं होतं.

“बैलं जुपतो,” कृष्णात म्हणाला.

बनुबाईनं सुनेकडं बघितलं. मग ती घटापुढं गेली, पदर घेतला, डोकं टेकलं. धानाच्या कडेला बोटं घालून तिनं ती चकती उचलली. “मी बसवलं, मीच उठिवलं. काय हुयाचं ती मला हू दे. जा.”

कृष्णात मळ्याकडं पळत सुटला. अर्धा चंद्र पश्चिमेला कलला होता. कंदिलाच्या उजेडात त्यानं चकती सदऱ्याला पुसली. हळद जाईना. तशीच बसवली. स्क्रू पिळला. टोपण घातलं.

हँडलला हात लावला. अर्धाच फेरा झाला असेल.

गाडी सुरू झाली.

बारा वर्षं मेलेलं यंत्र. पहिल्याच फेऱ्याला. खाकरणं नाही, धूर नाही, जणू कुणी नुसतीच ताटकळत ठेवली होती.

आवाजानं लालासाहेब जागे झाले. काठी टेकत, कंदील घेऊन आले. कृष्णातनं गाडी बाहेर काढली आणि ओरडून सांगितलं, अंबूला न्यायला निघालोय. लालासाहेबांनी कंदील वर केला. उजेड मागच्या गादीवर पडला. त्यांचा हात तसाच राहिला.

“कृष्णाता...”

“काय, मालक?”

“तिला... आदी उतरीव.”

कृष्णातनं मागं बघितलं. गादी रिकामी होती. म्हातारा झोपेत बरळतोय म्हणून त्यानं गाडी हाणली. वळणावर एकदा मागं बघितलं. लालासाहेब वाटेवरच बसले होते, कंदील आडवा पडला होता.

घरापुढं अंबूबाईला उचलून मागं घातलं. बनुबाई दाराला कुलूप लावून तिच्याशेजारी बसली. तिनं गादी चाचपली. “ह्ये वलं कशानं झालं रं?” कृष्णातला ते ऐकायला सवड नव्हती.

गाव मागं पडलं. पुढच्या दिव्यांना वीज नव्हती. पुढं टांगलेला कंदील आणि मावळता चंद्र, एवढाच उजेड. रस्ता कच्चा. दोन्ही बाजूंना बाभळी. गाडी मात्र बेफाम चालली होती. कृष्णातनं मला सांगितलं, मी हाकत नव्हतो, नुसता बसलो होतो.

मागून अंबूबाईचा आवाज आला. कळ ओसरली होती बहुतेक.

“जरा सरकून बसा की, बाई.”

बनुबाई म्हणाली, “आगं, मी तर दाराला टेकलीया.”

मग कळ आली. अंबूबाई विव्हळली. ओसरली.

“आत्ती... तुमचा हात लय गार हाय.”

“माजा हात?”

“ह्यो काय... धरलाय न्हवं मी...”

बनुबाईचे दोन्ही हात पुढच्या दांडीला होते. घट्ट. ते कृष्णातला दिसत होते, त्याच्या खांद्याजवळच.



पांढरी मोरी आली. आणि गाडी बंद पडली.

चंद्र मावळला होता. कृष्णात उतरला. हँडल मारलं. नाही. पुन्हा मारलं. नाही. वीस वेळा. पन्नास वेळा. तळहाताची कातडी सरकली. हँडल ओलं लागायला लागलं. अंबूबाईच्या कळा आता थांबत नव्हत्या. तो मारत होता. त्याचा बापही असाच मारत होता...

मागच्या गादीवरून आवाज आला. बाईचा. बारीक. आईचा नव्हे. अंबूचा नव्हे.

“बिघडलीया व्हय?”

...

ओढ्याचं पाणी वाहायचं थांबलं असं त्याला वाटलं. बाभळीत एक किडा हलेना.

हे बघा, त्या वेळी ‘व्हय’ म्हणणं सोपं होतं. बारा वर्षांमागं दोन माणसं तेच म्हणाली होती. कृष्णातच्या तोंडावर तोच शब्द आला होता. मग त्यानं आपल्या हातांकडं बघितलं. रक्त होतं. खरंखुरं.

“न्हाई,” तो म्हणाला. “तवा बी बिघडल्याली न्हवती. मालकांनी सांगितलं, माज्या बानं काढलं. आमच्या घरात हुतं. आमी पुजत हुतो.”



मग बनुबाई बोलली. ती शेजारी बघत नव्हती, समोर बघत होती. “हरणाबाई. माज्या पोराला तवा कळत न्हवतं. सुनंनं तर तुला बघितलं बी न्हाई. दिवा मी लावला. हळद मी वाहिली. तिला पोचू दे माय. तुला कुनी संगं पायजेच आसंल, तर...”

पुढचं ती हळू बोलली. कृष्णातला ऐकू आलं नाही. त्यानं अजून कुणाला विचारलेलं नाही, आणि विचारणार तरी कुणाला.

हँडलला हात न लावता गाडी सुरू झाली.

मिरज संस्थानच्या हद्दीवर नाकं होतं. शिपायानं कंदील आत घालून बघितलं. कृष्णात समोरच बघत राहिला.

“मागं दोन बाया,” शिपाई म्हणाला. “म्हातारीला झोप लागलीया. जावा.”

दोनच. कृष्णातनं श्वास सोडला. गेली ती, तिला जे ऐकायचं होतं ते ऐकून गेली. दवाखान्याच्या फाटकातून आत जाताना तो रडत होता, आनंदानं, आणि ते सांगताना त्याला माझ्यापुढंही लाज वाटली नाही.

अंबूबाईला आत नेलं. कोंबडं आरवायच्या वेळेला मुलगी झाली. रडली, मोठ्यानं रडली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी तासभर उशीर झाला असता तर दोघीही हाती लागल्या नसत्या. कृष्णात धावत गाडीकडं गेला, आईला सांगायला.

बनुबाई मागच्या गादीवर बसलेली होती. ताठ, डोळे मिटलेले. पण मधोमध बसली नव्हती. एका कडेला सरकून बसली होती, शेजारी दुसऱ्या कुणाला जागा करून दिल्यासारखी. त्यानं हात लावला. डॉक्टरीणबाईंनी बघून सांगितलं, जाऊन चार-पाच तास झाले. म्हणजे मोरीपासून नाक्यापर्यंत, नाक्यापासून इथपर्यंत...

आईला घेऊन जायला त्यानं हँडल मारलं. गाडी हूं की चूं करेना. उजाडलं होतं. त्यानं टोपण काढलं, स्क्रू सोडवला.

आत चकती नव्हती. स्क्रू मात्र नीट पिळून बसवलेला होता.

गाडी मागाहून बैलांनी ओढून छपरात आणली; आईला कृष्णातनं बैलगाडीतून आरवाडीला आणलं. त्याच रस्त्यानं, त्याच मोरीवरून. दाराला आईनं लावलेलं कुलूप होतं, किल्ली तिच्याच कमरेला. त्यानं उघडलं. नंदादीप तेवत होता. टाक जिथल्या तिथं होते. सहाच्या सहा. सहावा धानाच्या कडेला, आईनं बोटं घालून उचलला होता त्याच जागी, आणि भोवतीची माती इतकी बसलेली की कधी हललीच नसावी.

त्याच्या भोकातून एक दोरा ओवलेला होता. लोकरीचा. गाठ मारलेला, तान्ह्या पोराच्या गळ्याएवढा.

आईचे दिवस घातल्यावर कृष्णातनं ती चकती धुळापुढं नेऊन ठेवली आणि सगळं कबूल केलं. बापाचं, मालकाचं, बारा वर्षांच्या पूजेचं. शिव्या खायच्या तयारीनं तो मान खाली घालून बसला होता. धुळानं चकतीकडं बघितलंसुद्धा नाही. त्यानं दोरा तेवढा बोटांत धरला आणि उजेडाकडं केला. दोन पदर काळे, एक पांढरा. पीळ डावा.

तो दोरा अजून ओला होता. बोटाला माती लागली.